शब्द न देणारा प्रॉम्प्टर

जूनमधली सकाळ होती. शाळा-कॉलेजच्या प्रवेशांचे दिवस, त्यामुळे गोंडपिपरीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दाखले, मार्कलिस्टा आणि घामाघूम झालेले बाप यांची नुसती गर्दी. एका बापाला स्वतःच्याच मुलीची जन्मतारीख आठवत नव्हती. मी त्याला छळत होतो, "भाऊ, पयले घरी फोन लावा, मंग फारम भरा," आणि रांगेतले सगळे हसत होते. तेवढ्यात घुग्घुसहून फोन आला. डोमाजीभाऊंची सून रंजना बोलत होती. "भाऊ, बाबा गेले… पहाटे, झोपीतच." मी तोंड उघडलं. अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं हे मला ठाऊक आहे. विनोदी नट असलो तरी बावीस वर्षांत मेलेल्यांच्या उशाशी बसून मी भलीमोठी वाक्यं बोललो आहे. पण शब्द आला नाही. मग शब्द आला नाही की मी जे करतो तेच केलं… पायांपुढे, खाली पाहिलं. तिथे झेरॉक्स मशीनची वायर पडली होती. बावीस वर्षं, नाटकात, त्या जागी डोमाजीभाऊ बसायचे.

झाडीपट्टीची नाटकं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी हे सांगायला हवं. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगावी नाटक असतं. नाटक नवं, तालमी मोजक्या, आज या गावात तर उद्या दुसऱ्या. संहिता पूर्ण पाठ असलेला नट आमच्यात असलाच तर तो आजारी समजावा. सगळा डोलारा उभा असतो तो मंचापुढच्या एका खड्ड्यावर. त्या खड्ड्यात वही घेऊन प्रॉम्प्टर बसतो आणि दबक्या आवाजात, अगदी कोरडेपणानं, आमच्या एक पाऊल पुढे वाक्यं वाचत जातो. आम्ही ती उचलतो, त्यांत जीव ओततो, टाळ्या घेतो. प्रॉम्प्टरला टाळी नसते. डोमाजीभाऊ हे असे टाळीशिवायचे मानकरी. अंगानं काटकुळे, चष्म्याला मागून दोरी बांधलेली, शिक्षण सातवीपर्यंत, तीन एकर धान. पण अक्षर असं की माझ्या मशीनवर काढलेली प्रत त्यापुढे गचाळ वाटावी. राहायचे आमच्यापासून तीन घरं सोडून. भेटले की "जयभीम, हिरो" म्हणायचे. मी हिरो कधीच नव्हतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

त्यांची खरी विद्या मला उशिरा कळली. एका नाटकात मला बायकोला घराबाहेर काढायचं होतं. वाक्याच्या अध्येमध्ये मी ठरवून थांबलो. फार लांब थांबलो. प्रेक्षकांनी शेंगा फोडायचं थांबवलं. दुसरा कुठलाही प्रॉम्प्टर घाबरून पुढचं वाक्य माझ्या अंगावर फेकून मोकळा झाला असता. खड्ड्यातून आवाज आला नाही. नंतर चहा पिताना मी विचारलं, "भाऊ, मी विसरलो असं तुमाले काऊन नाई वाटलं?"

"विसरला माणूस माह्याकडे पाहते," ते म्हणाले. "तू पाह्यलं नाई. मी काऊन तोंड खुपसू?"

मी हे ऐकलं, हसलो, आणि विसरलो. आपल्याला सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट आपण बहुधा चहाबरोबर गिळून टाकतो.

मग कोरोनाची दोन वर्षं आली. शाळा बंद, नाटकं बंद. माझी मुलगी पायल तेव्हा नुकती पहिलीत गेलेली, आणि मी, घरात कोंडलेला एक नट. तुम्हीच विचार करा. मास्तर मोबाईलवर धडे पाठवायचे आणि मी ते शिकवायचो. शिकवायचो म्हणजे काय, सादर करायचो! अस्वल मोहाची फुलं वेचायला जातं असा एक धडा होता. मी चार पायांवर अख्खं अंगण हिंडलो. शेजारच्या बाया भिंतीवरून माना काढून बघायच्या. पायल माझ्यामागून वाक्य म्हणायची, तसाच हात, तशीच मान. मी व्हिडिओ काढून मास्तरांना पाठवायचो आणि तिकडून अंगठा यायचा. दुसरी संपेपर्यंत माझ्या पोरीला अख्खं पुस्तक खडखडीत येत होतं. माझी छाती एवढी फुगली की शर्टाची बटणं शिवून घ्यावी लागली, असं माझी बायको सुनीता अजून सांगते.

आता कौतुकाला प्रेक्षक हवा. एका संध्याकाळी मी डोमाजीभाऊंना बोलावलं. ते ओसरीवर बसले, सवयीनं पुस्तक हातात घेतलं आणि ओळीवर बोट ठेवलं. पायलनं त्याच पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतीवरून अस्वलाचा प्रयोग केला. ऐन जागी पान उलटलं, ऐन जागी हुंकार दिला. सुनीतानं टाळ्या वाजवल्या, मी तर वाजवल्याच. डोमाजीभाऊंनी चहा संपवला आणि "येतो" म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तोच धडा उघडला, आणि पानावरच्या अस्वलाच्या चित्रावर आपला पंजा ठेवला.

"वाच माय."

पायलनं पानाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "कोणता धडा आहे?" तिनं विचारलं.

"इथी लिहून आहे ना. वाच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी… देवाशपथ सांगतो, मला कळलंसुद्धा नाही… माझे ओठ हलले. तिनं ते उचलले आणि लगेच हात पसरून सुरू झाली, "एक होतं अस्वल!"

डोमाजीभाऊंनी पुस्तक मिटलं. पायल खेळायला पळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "अशोक, पोरगी वाचून नाई राह्यली. तू वाचून राह्यला अन् पोरगी डायलॉग मारून राह्यली. तिले एक अक्षर येत नाई."

मला राग आला. खरं दुखणं नेमकं कोणी दाबलं की येतो तसा. मी म्हणालो, "तुमी खड्ड्यात बसणारे. तुमाले शिक्षणातलं काय समजते?" पुढेही काहीबाही बोललो, ते इथे लिहीत नाही. ते चपला घालून गेले. आठ दिवस आमचं बोलणं नव्हतं.

नवव्या दिवशी मी पायलला घेऊन बसस्टँडवर गेलो होतो. एक एसटी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "वाच बरं, कुठची हाये?" तिनं झटकन माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी दात आवळून ओठ मिटले. आयुष्यात पहिल्यांदा, असं सुनीता म्हणेल. पोरगी क्षणभर घाबरली. मग तिनं उजवा हात आकाशात नेला, अगदी माझ्यासारखा, आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "चंद्रपूर!" बसवर अहेरी लिहिलं होतं. दोघं-तिघं हसले. तीही हसली, आपण चुकलो हे न कळता, टाळी मिळाल्यासारखी. मला मात्र उभ्या जागी घाम फुटला. ती तिसरीत होती. आठवड्याभरात शाळा उघडणार होती. तिथे तिच्यापुढे पुस्तक येणार होतं आणि माझं तोंड नसणार होतं. आणि हे तिचं अडाणीपण कोणा दुसऱ्यानं नव्हे, मी तिला दिलं होतं, लाडानं, हसत-खेळत, व्हिडिओ काढून.

डोमाजीभाऊ बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलात उभे होते. मी कडेच्या धुऱ्यावर गेलो आणि माफीचं माझं भाषण सुरू केलं. ते चांगलं होतं, वाटेत तयार केलं होतं. त्यांनी ते मध्येच तोडलं. "मी माह्या पोराले हेच केलं," ते म्हणाले. "अडला का दे शब्द, अडला का दे शब्द. मले वाटे, बाप कायले हाये? मंग परीक्षेत मी थोडाच बाकाखाली बसणार होतो! आठवीतून उठला अन् गेला खाणीवर." थोडा वेळ ते पायानं चिखल चाचपत राहिले. "शिकवतो मी. पण तुह्याच घरी. अन् तू बोलाचं नाई."

"बिलकुल नाई," मी म्हणालो. "मी तर म्हणतो, मी तोंडच उघडणार नाई. सुनीताले विचारा, मी एकदा ठरवलं का…"

"अशोक."

"हं."

"बोलून राह्यला तू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ते यायला लागले. शाळेचं पुस्तक त्यांनी कपाटावर ठेवून दिलं. ते तिला पाठ होतं, म्हणून निरुपयोगी. रोज ते आपल्या वहीत, मोठ्या अक्षरांत, सहा-सात वाक्यांचं नवं नाटक लिहून आणायचे. आमच्याच घरात काल काय घडलं त्याचं. बकरीनं आईची चप्पल खाल्ली. बाबा दुकानात गेले आणि किल्ली घरी विसरले. रोज ताजं, म्हणजे पाठ व्हायची सोय नाही. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला त्यांनी एक खिडकी कापली होती. ती ओळीवर ठेवली की एकच शब्द दिसायचा, तो झाला की पुठ्ठा पुढे. आणि कामाची वाटणी अशी की पायल प्रॉम्प्टर आणि मी नट. तिनं वाचायचं, ती जे वाचेल तेच मी बोलायचं, चूक असेल तर चूकच बोलायचं. बरोबर काय ते सांगायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात तिनं वाचलं, "बाबा दुधात गेले." पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द ठोकून द्यायची तिची सवय. मी काय करणार, हुकूम तो हुकूम! मी ओसरीवर दुधात पडलो. हातपाय मारले, नाकातोंडात साय गेली, सुनीताला वाचवायला हाका मारल्या. पायल पोट धरून हसली, हसता हसता तिची नजर पुठ्ठ्याच्या खिडकीकडे गेली, आणि ती म्हणाली, "नाई… थांबा बाबा… दु… का… दुकानात!" कोणी तिला चूक दाखवली नव्हती. तिनं ती माझ्या तोंडून ऐकली होती.

लिहिणंही तसंच. रविवारचं नाटक तिनं लिहायचं आणि डोमाजीभाऊंनी ते मला प्रॉम्प्ट करायचं, जसं लिहिलं असेल तसं, एका मात्रेचीही दया न करता. तिनं "भाकर" मधला काना सोडला की ते कोरड्या आवाजात "भकर" म्हणायचे आणि मी गंभीरपणे ताटात "भकर" मागायचो. पायल धावत यायची, त्यांच्या हातातून वही ओढायची आणि काना देऊन जायची. लाल पेन आमच्या घरात कधी आलं नाही.

पण सगळ्यांत अवघड होतं ते माझं थांबणं. ती अडली की मी पुढे सरकायचो. शब्द माझ्या जिभेवर तयार असायचा, आणि समोर आपलं लेकरू कपाळाला आठ्या घालून तडफडत असायचं. मी तीनदा शब्द देऊन टाकला. चौथ्या दिवशी डोमाजीभाऊंनी पाण्याचा तांब्या मागवला आणि मला सांगितलं, "एक घोट तोंडात धर. तिची ओळ झाली का गिळ, अन् मंग बोल." तुम्ही हसा. पण एक मोठा माणूस, नाट्यकलावंत, गाल फुगवून ओसरीवर बसलेला, आणि शेजारच्या बाया भिंतीवर! एकदा मला हसू आवरेना आणि मी ते पाणी थेट वहीवर सोडलं. त्या दिवशीचं नाटक दोरीवर वाळत घालावं लागलं.

मी विचारलं होतं, "भाऊ, कवापर्यंत थांबाचं? लेकराचा जीव जाते."

"तिची नजर कागदावर आहे तंवर थांबाचं," ते म्हणाले. "तिथी काम चालू हाये. नजर वर आली तर पयलं अक्षर द्याचं, बस. पूरा शब्द देला तर तो तुहा झाला, तिचा नाई राह्यला."

पावसाळाभर हे चाललं. शाळेत ती मागेच होती. मास्तरांनी मला बोलावून काळजी सांगितली, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काही दिवस ती रडली, वही फेकली, "मले नाई येत" म्हणून बाजेखाली जाऊन बसली. डोमाजीभाऊ तेव्हाही थांबले. बाजेशेजारी उकिडवे बसून. मला तेव्हा वाटायचं की हा माणूस दगड आहे. आज वाटतं, माझं प्रेम उतावळं होतं आणि त्यांच्या प्रेमाला सवड होती.

दिवाळीच्या सुमारास नाटकं पुन्हा सुरू होणार होती. कंपनीचं नवं पोस्टर आलं, मी ते मिरवत घरी आणलं आणि भिंतीला लावलं. डोमाजीभाऊ चहा पीत होते. पायल पोस्टरपुढे उभी राहिली. कोणी तिला वाच म्हटलं नव्हतं. बोट वरून खाली उतरू लागलं, नायकाचं नाव, नायिकेचं नाव, खलनायक, नृत्य, संगीत… आणि बोट थेट तळाशी, जिथे मंडप आणि लाईटवाल्याची नावं असतात, तिथे येऊन थांबलं. तिनं माझ्याकडे वळून अतिशय दुःखानं विचारलं, "बाबा, तुमचं नाव एवढं खाली काऊन हाये?"

आठ वर्षं मी माझ्या घरात कंपनीचा मुख्य कलाकार म्हणून जेवत होतो. डोमाजीभाऊंच्या नाकातून चहा आला. चष्मा काढून, डोळे पुसत ते म्हणाले, "घे हिरो! आणखी शिकव पोरीले!" मी पायलला उचललं. माझं नाक इतकं सुंदर आजवर कोणी कापलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडकलं. मुलानं त्यांना घुग्घुसला नेलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा रंजना दारातच म्हणाली, "बाबा बोलतच नाईत आता. पयले कोशिश करत, आता तेही नाई." खोलीत बाजेवर ते पडले होते, बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते आणि खिडकीची काच थरथरत होती. मी आत शिरलो आणि माझा कार्यक्रम सुरू केला. गावच्या गमती, कंपनीच्या भानगडी, एकापाठोपाठ एक. ते डाव्या ओठानं हसल्यासारखे झाले. मग त्यांचं तोंड हललं. "क… क…" आम्ही सगळे धावलो. रंजना म्हणाली, "काय पाह्यजे बाबा? कपडा?" मुलगा म्हणाला, "कूस बदलाची?" मी म्हणालो, "काठी? कंबर दुखते?" त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. खोलीत सगळे त्यांच्यावर माया करत होते, आणि एकहीजण त्यांना बोलू देत नव्हता.

पायल तेव्हा सहावीत होती. ती पुढे झाली आणि म्हणाली, "सगळे चूप बसा ना जरा." बाजेच्या काठावर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ट्रक गेला. दुसरा गेला. डोमाजीभाऊंनी मान पुन्हा वळवली. त्यांची नजर छताच्या एका जागेवर जाऊन बसली होती, आणि मला कळलं की तिथे काम चालू आहे. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मला तो वर्षासारखा वाटला. मग ते म्हणाले, "क… कवा… आली… माय?"

एवढंच. केव्हा आलीस. आम्ही सगळे त्यांना काय हवं ते शोधत होतो, कपडा, काठी, कूस. आजारी माणसाला काहीतरी हवंच असतं असं आपण धरून चालतो. त्यांना काहीच नको होतं. घरी पाहुणी आली होती, तिची विचारपूस करायची होती. "आत्ताच आली आजोबा," पायल म्हणाली. रंजना दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. दीड महिन्यात सासऱ्याचं हे पहिलं वाक्य होतं. त्यानंतर, तिनं मला फोनवर सांगितलं, ते रोज दोन-तीन वाक्यं बोलायचे. फार वेळ लागायचा. पण ती वाक्यं त्यांची असायची.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणाच्या, कार्यक्रमाला आम्ही घुग्घुसला गेलो, पण त्या दिवशी माणसं फार होती. म्हणून मागच्या रविवारी मी एकटाच पुन्हा गेलो. डोमाजीभाऊंचा मुलगा खाणीत पाळीवर होता. बाज उचलून खोली रिकामी केली होती. रंजनानं गॅसवर भात ठेवला होता आणि ती खाली चटईवर बसली होती, समोर त्यांची पहिलीतली नात, दोघींच्या मध्ये उघडं पुस्तक. रंजनानं मला मानेनंच बस म्हटलं. मीही चटईवर बसलो. पोरगी एका शब्दावर अडली होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. रंजनाचे दोन्ही हात मांडीत होते आणि चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. मला तो शब्द उलटा दिसत होता. मी तो वाचला. गिळला. बाहेर ट्रक जात होते. पातेल्याचं झाकण हललं, थांबलं. मग भात खाली लागल्याचा वास घरभर पसरला. पोरीची नजर कागदावर होती. आमच्यापैकी कोणीच उठलं नाही.